गालातला चिंचोका

दसरूचं तोंड त्याच्या हातापायांच्या आधी धावायचं. कोणी विचारलं, "दसरू, गाय बांधली काय?" की "बांधली" हा शब्द बाहेर पडलेला असायचा आणि गाय अजून आंब्याखाली मोकळी उभी असायची. मग दसरू लगबगीनं उठून गाय बांधायला जायचा. त्याला कोणाला फसवायचं नसायचं. कोणी काही विचारलं की त्याचा जीव घाबरायचा आणि विचारणाऱ्याला बरं वाटेल ते उत्तर तोंडातून निसटायचं, एवढंच. मागाहून धावपळ करून तो तो शब्द खरा करायचा. कोसमटोल्यातली माणसं हसून म्हणायची, दसरूचं 'झालं' म्हणजे आता होईल.

बहुतेक वेळा व्हायचंही. पण नेहमी नाही. एकदा "फाटक लावलं" म्हणाला आणि बिबट्यानं कालवड नेली. त्यावरसुद्धा गाव हसलं. मागच्या भादव्यात मात्र त्याची लहान पोर तापानं फणफणली, आणि बायकोनं, बुधरीनं, त्याला नाल्यापलीकडच्या वैदूकडं पिटाळलं. नाल्याला पूर होता. दसरू काठावर बराच वेळ उभा राहिला आणि परत फिरला. दारात पाय ठेवला तोच बुधरीनं विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं. येतो म्हनला."

पाणी उतरलं की लगेच जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. बुधरी पोरीला मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसली. वैदू येणार म्हणून तिनं दुसऱ्या कोणाला हाकही मारली नाही. पाणी उतरायच्या आत पोर गेली.

बुधरी नवऱ्याशी भांडली नाही. त्या दिवसापासून ती फक्त त्याच्या मागून जाऊन पाहू लागली. त्यानं दावं बांधलं की ती जाऊन गाठ ओढून बघायची. त्यानं अडसर लावला की ती उठून अडसरावर हात फिरवायची. बैलांना पाणी पाजलं म्हणाला तर ती त्यांच्या तोंडाला हात लावून ओलं आहे का बघायची. हे सगळं न बोलता, सगळ्यांसमोर. दसरूला तिनं शिव्या दिलेल्या चालल्या असत्या, चार लाकडं मारलेली चालली असती. पण आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीवर मागून येणारा तो हात बघितला की त्याला भर उन्हात गार पडल्यासारखं व्हायचं.

होळीच्या सुमारास बुधरीचा भाऊ चैतू तिला न्यायला आला. कुडाच्या पलीकडं दसरू टोपली विणत होता. भाऊबहिणीचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"कायले राह्यतं इथी?" चैतू म्हणाला. "ना लेकरू राह्यलं, ना त्याच्या बोलन्याचा भरोसा. चाल घरी."

बुधरी म्हणाली, "मोहाचा हंगाम होऊ दे. आंधळ्या सासऱ्याले घेऊन त्याले एकट्याले मोहफुलं येचनं होनार नाई. मग पाहीन."

चैतू गेला. दसरूनं विणलेली टोपली उसवली आणि पुन्हा विणायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तोंडात चिंचोका धरला.

युक्ती त्याची स्वतःचीच होती. चिंचोका जिभेखाली ठेवायचा. कोणी काही विचारलं की आधी तो गालात सरकवायचा आणि मगच बोलायचं. तेवढ्या वेळात मनाला तोंडाच्या पुढं येता यायचं. पहिल्या काही दिवसांत तो दोनदा चिंचोका गिळून बसला आणि एकदा ठसका लागून डोळे पांढरे केले. गावानं खूप करमणूक करून घेतली. भूमिया वारलू, म्हणजे गावच्या देवाधर्माचं आणि न्यायनिवाड्याचं बघणारा म्हातारा, त्याला हाक मारून उगाच विचारायचा, "काऊन रे दसरू, जेवला काय?" दसरूचा गाल हलायचा, डोळे मिटायचे, आणि मग उत्तर यायचं, "नाई. अजून नाई." पोरंसोरं टाळ्या पिटायची.

हसोत बापडी. दसरूला 'नाई' म्हणता येऊ लागलं होतं. लाकडं फोडली काय? नाई, अर्धी राह्यली. बैलाच्या खुराचं पाहिलं काय? नाई, इसरलो. 'नाई' म्हणताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. बुधरी नुसती ऐकून घ्यायची. पण तिची नजर त्याच्या गालावर जरा वेळ थांबायची, आणि तेवढ्यावर दसरूचा दिवस जायचा.

मोहाचा हंगाम आला. यंदा पानगळ फार दाट झाली होती. जंगलात माणूस चालला तर आवाज दूरवर जायचा. सरडा पळाला तरी अस्वल आल्यासारखं वाटायचं. नाला आटून डबक्यांवर आला होता. दुपारी सूरजागडच्या डोंगराकडून वारा सुटायचा आणि वाळली पानं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकायचा. लालसू, दसरूचा बाप, हवेत नाक वर करून म्हणायचा, "हे बेस नाई. हे बेस नाई लागून राह्यलं." त्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं होतं आणि पाय सुजलेले असायचे, पण वास आणि आवाज त्याला घरातल्या कोणाहूनही आधी कळायचे.

मोह पहाटे गळतो. दाट पाचोळ्यात पडलेली फुलं दिसत नाहीत, हाताला सापडत नाहीत. म्हणून हंगामाच्या तोंडाशी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, खालची जमीन काळी स्वच्छ करायची, की सकाळी तिच्यावर पिवळी फुलं मोत्यांसारखी उठून दिसतात. जमीनदाराच्या काळात कोणी त्याला हरकत घेतली नव्हती. पण जंगल सरकारजमा होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आता जंगलखात्याचा नाकेदार भैयाजी खाकी घालून फिरत होता. त्यानं भूमियाला बजावलं होतं, "जलाओ, मी पाहिलं नाई म्हनतो. पण बाजूले सरकारी कूप, तोडीचं जंगल, हाये. तोडलेला सागवान रचून ठेवला हाये. एक ठिनगी गेली तर ज्यानं आग लावली त्याले बांधून नेईन." भूमियानं सगळ्या घरांकडून कबूल करून घेतलं होतं की जाळणाऱ्यानं विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि निघताना राखेवर उघडा हात ठेवून बघायचा.

दसरूच्या घरचे मोह नाल्याच्या वरच्या अंगाला होते. जवळच खळं सारवून तिथं मोह वाळत घातला होता, आणि लालसू दिवसभर तिथल्या मांडवात बसून फुटका बांबू आपटत वानरं हाकायचा. दसरू रोज एका झाडाखाली जाळायचा, हिरव्या डहाळीनं कडा झोडपायचा, झिऱ्यावरून मडकं भरून आणून शिंपडायचा. संध्याकाळी बुधरी विचारायची, "इझली?" चिंचोका गालात जायचा. "इझली. राखेवर हात ठेवला." तरीही बुधरी उठून जायची, स्वतः राखेवर हात ठेवायची आणि मुकाट परत यायची. प्रत्येक वेळी राख गार असायची.

शेवटचा मोह सगळ्यात दूर, नाल्याच्या वळणावर. त्याच्याखाली दसरूनं पाचोळा पेटवला तेव्हा ऊन कललं होतं. आग नीट गोल फिरली, नीट विझली. फक्त झाडाच्या पलीकडं येनाच्या झाडाचा एक जुना ओंडका पडला होता, आतून वाळवीनं पोखरलेला. त्याच्या तोंडातून धुराचा बारीक धागा येत होता. दसरूनं डहाळीनं झोडपलं, माती टाकली, धागा दुसऱ्या भोकातून निघाला. पाणी ओतायला हवं होतं. पण जवळचं डबकं सकाळीच वानरांनी गढूळ करून संपवलं होतं, आणि झिरा लांब खाली होता. त्याची कंबर दुखत होती. मोहावर अस्वलं उतरायची वेळ झाली होती, आणि मांडवातून बाप हाका मारत होता, "दसरू, ने रे मले घरी!" धूर इतका बारीक होता की नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हता. ओंडक्याभोवती जमीन जळून काळी झालेली, पसरायला काही नव्हतं. सकाळी उजाडायच्या आधी मडकं घेऊन येऊ, असं त्यानं ठरवलं. घरी गेल्यावर बुधरीला हे असंच सांगायचं, हेही ठरवलं. वाटेनं बापाला पाठकुळी घेऊन चालताना तो ते वाक्य मनात घोळवत होता. एका ओंडक्यात धूर हाये, सकारी पानी ओततो. एका ओंडक्यात धूर हाये.

घरी बुधरीनं आंबील वाढली. दसरूनं चिंचोका काढून पानाशेजारी ठेवला आणि वाडगं तोंडाला लावलं.

"इझली?" बुधरीनं चुलीकडं तोंड करून विचारलं.

"इझली," दसरू म्हणाला.

शब्द गेला तेव्हा त्याला स्वतःलाच तो ऐकू आला. वाडगं त्याच्या हातात तसंच राहिलं. आता ती उठेल, काठी घेईल, वळणापर्यंत जाईल, धूर बघेल. जाऊ दे, बघू दे, असं त्याला वाटलं. पण बुधरी उठली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "बरं. तू म्हनतं ना, मंग इझली."

भादव्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याचा शब्द तसाच घेतला होता. दसरूनं वाडगं खाली ठेवलं. त्याला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. अजूनही सांगता येत होतं. पण हे एवढं हातात आलेलं तो आपल्याच तोंडानं कसं परत देणार? लालसू कोपऱ्यातून म्हणाला, "सुधरला रे माहा पोरगा," आणि बुधरी, खरंच, थोडीशी हसली. दसरूनं चिंचोका उचलून तोंडात टाकला. उजाडायच्या आधी जाऊन शब्द खरा करायचा, एवढंच त्यानं ठरवलं. आजवर तो हेच करत आला होता.

उजाडायच्या आधी दारात नाकेदार भैयाजी उभा होता.

"चला रे, सारे गडी लाइनीवर! हवा पाहून राह्यले ना? आज डोंगराकडची लाइन साफ झाली पायजे."

लाइन म्हणजे जंगलात आग पसरू नये म्हणून झाडोरा तोडून, झाडून ठेवायचा पट्टा. जंगलगावात राहायचं तर हे काम चुकवता येत नव्हतं. दसरूच्या हातात रिकामं मडकं होतं.

"मडकं कायले?" नाकेदारानं विचारलं.

चिंचोका गालात गेला. दसरूनं बुधरीकडं बघितलं. ती टोपल्या एकात एक घालत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर झोप नीट झालेली दिसत होती.

"प्यायले पानी," दसरू म्हणाला.

"तिथी हाये पानी. ठेव ते. कुऱ्हाड घे."

त्यानं मडकं ठेवलं आणि कुऱ्हाड घेतली. बुधरीनं सासऱ्याला पाठीवर घेतलं आणि ती मोहाकडं निघाली.

दसरूनं त्या दिवशी दोन माणसांचं काम केलं. मान वर न करता तो झाडोरा तोडत होता. बाजूच्या माणसांनी थट्टा केली तरी त्याचा गाल हलला नाही. सूर्य डोक्यावर आला तसा रोजचा वारा सुटला. दसरूच्या पायाजवळची पानं उठली आणि नाल्याच्या दिशेनं घरंगळत गेली. त्यांच्याकडं तो बघत राहिला. मग कोणीतरी ओरडलं.

नाल्याच्या वळणावर धूर उभा होता. आधी पांढरा, मग पिवळट, मग एकदम काळा. "कूप! कूप चालली!" नाकेदार किंचाळला. सगळे पळाले. दसरू सगळ्यांच्या पुढं होता. तो कुपीकडं गेलाच नाही, सरळ मांडवाकडं धावला.

मांडव नव्हता. त्या जागी चार खांब जळत होते, आणि खळ्यावरचा मोह फुटत, चरचरत, गोड उग्र वास सोडत पेटला होता. बुधरी नाल्याच्या वाळूत गुडघ्यांवर बसली होती. केसांची टोकं करपलेली, आणि मांडीवर लालसूचं डोकं. तिनं त्याला फरपटत काठावरून खाली आणलं होतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही पायांच्या तळव्यांची कातडी सोलून लोंबत होती. तो ओरडत नव्हता, नुसता नाकानं हवा ओढत होता.

बुधरीनं वर बघितलं. तिचा आवाज धुरानं बसला होता. "वळनाकडून आली आग. तू इझवली होती ना?"

"हो," दसरू म्हणाला.

कूप अर्धी जळली. डोंगराकडची लाइन त्या दिवशी काही कामाची नव्हती, कारण आग दुसऱ्याच बाजूनं आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदारानं गाव आंब्याखाली गोळा केलं. त्याचे डोळे सुजले होते आणि आवाजात राग कमी, भीती जास्त होती. त्यालाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

"वळनावर मोह कोनाचा?"

"आमचा," लालसू म्हणाला. त्याला बाजेवर आणून ठेवलं होतं. तळव्यांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावून पानं बांधली होती. "पन ती आग आमच्या पोरानं इझवली होती, साहेब. त्यानं सांगतलं. पहिले त्याचा भरोसा नोता, पन आता तो खोटा बोलत नाई. गावाले इचारा."

गावानं माना हलवल्या. भूमिया वारलूही म्हणाला, "आता बोलते खरं. चिंचोका ठेवते तोंडात."

"मंग आग आली कुठून?"

म्हातारा विचारात पडला. फूल पडलेले डोळे त्यानं इकडंतिकडं फिरवले. "सकारी सून मोह येचत होती तवा मी वळनावर चिलीम ओढली होती," तो सावकाश म्हणाला. "मले दिसत नाई. ठिनगी पडली असन. दसरूनं इझवलीच होती, तं मंग माहीच चिलीम असन. दुसरं काय असन?"

दसरूचा चिंचोका या गालातून त्या गालात गेला. आता. आता बोलायचं.  नाकेदार त्याच्याकडं वळला. "तू इझवली होती ना रे? राखेवर हात ठेवून?" सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. बुधरी बाजेच्या पायथ्याशी उभी होती आणि तीही बघत होती, विश्वासानं. दसरूची मान आपसूक हलली. हो.

"चाल मंग, बुड्या," नाकेदार म्हणाला. "नाक्यावर साहेब ठरवतीन काय करायचं ते."

म्हाताऱ्याला चालता येत नव्हतं आणि गाडी जाईल अशी वाट नव्हती. म्हणून दसरूलाच त्याला पाठीवर घेऊन जायचं होतं. वाट अख्ख्या दिवसाची होती, आणि अशा तळव्यांनी म्हातारा तिथून परत येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बुधरीनं भाकरी बांधून दिली. दसरू दारात वाकला आणि बाप त्याच्या पाठीवर आला. आधीच हलका होता, आता तर नुसती हाडं लागत होती.

"माही चिलीम घेतली काय रे?" लालसूनं कानाशी विचारलं. "तिथी कोन देईन मले?"

"घेतली," दसरू म्हणाला आणि चालू लागला. पुढं नाकेदार, मागं हे दोघं.

बुधरी दारातच उभी होती, तिनं ते ऐकलं. ते आंब्यापलीकडं गेल्यावर ती आत वळली, आणि सवयीनं तिचा हात कोनाड्याकडं गेला. मधल्या या दोन दिवसांत तिनं कशालाच हात लावून बघितलं नव्हतं. कोनाड्यात चिलीम होती, आगीनंतर तिनंच म्हाताऱ्याच्या कमरेची काढून ठेवलेली.

तिनं ती उचलून हातात धरली. एवढीशी मातीची चिलीम. मग तिनं खुंटीवरचं आपलं दुसरं लुगडं घेतलं, दार ओढून घेतलं आणि वाटेला लागली.

गावाबाहेर वाट फुटते. उजवीकडची नाक्याला जाते, डावीकडची बुधरीच्या माहेरच्या गावाला. तिथं दसरू बापाला सावरून घ्यायला थांबला होता. बुधरी धापा टाकत आली आणि तिनं चिलीम म्हाताऱ्याच्या हातात दिली.

लालसूनं ती चाचपली. अंगठ्यानं तिचा फुटका काठ ओळखला. दसरूच्या खांद्यावरचा त्याचा दुसरा हात हळूहळू घट्ट झाला.

"दसरू," तो अगदी कानाशी, नाकेदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "वळनावरची आग तू इझवली होती ना?"

दसरूनं डोळे मिटले. चिंचोका तोंडातच होता. त्यानं तो गालात सरकवला, दातांखाली धरला, इतका जोरात चावला की टरफल फुटलं आणि जिभेवर तुरट कडवट चव आली.

"इझवली, बा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा खांद्यावरचा हात सैल झाला. थोड्या वेळानं त्यानं चिलीम न पेटवताच कमरेला खोचली आणि म्हणाला, "चाल. साहेब पुढं गेला."

दसरूनं पाऊल उचललं. मागून बुधरी येतेय की नाही, हे बघायला त्यानं मान वळवली. ती डावीकडच्या वाटेनं बरीच पुढं गेली होती, लुगडं काखेत धरून, आणि एकदाही मागं वळून बघत नव्हती.